पाण्याखालच्या राजवाड्याच्या भिंती

होटगी रस्त्याच्या कडेला हातगाड्यांवर हुरड्याची हिरवी कणसं दिसायला लागली, की लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. माझं तसं होत नाही. मी आधी मागे वळून बघते. कुणी ओळखीचं तर नाही ना, कुणी आपल्याकडे बघत तर नाही ना. खरं तर बघण्यासारखं काही नसतं. चाळिशी ओलांडलेली एक बाई पिशवी धरून कणसांचा भाव विचारते आहे, एवढंच. पण दिवाळी सरते, सकाळच्या वाऱ्याला धार येते, रानातला गोवऱ्यांचा धूर संध्याकाळी गावाच्या अंगावर येतो आणि माझ्या मनात ती सवय जागी होते. थंडी पडली की कुणाची सर्दी उलटते, कुणाचे सांधे धरतात. मला संशय येतो.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल-चादरीच्या कारखान्यात मी नक्षी काढते. नक्षी काढते म्हणजे घरं भरते. वडिलांच्या वेळी चौकटींच्या कागदावर एकेक घर रंगवायचे आणि त्यावरून जेकार्ड मागाची भोकं पाडलेली कार्डं ठोकायचे. आता तेच काम संगणकाच्या पडद्यावर होतं. लांबून बघाल तर मोर, जवळून बघाल तर नुसती काळी-पांढरी घरं. इतकी वर्षं हेच केल्यामुळे कुठलीही सुंदर गोष्ट दिसली की मी जवळ जाऊन तिची घरं शोधते. हा धंद्याचा दोष की माझा, कोण जाणे.

लहानपणी आमच्या घरात टीव्हीला जोडायचा एक गेम होता. मामाने कुणाकडून तरी जुना आणलेला. त्याच्याबरोबर एक पिवळी कॅसेट होती, आणि तिच्यावर मोटारींचं चित्र चिकटवलेलं होतं. आत मोटारी नव्हत्याच. आत एक मुलगी होती, हातात कंदील घेतलेली, आणि ती पाण्यात बुडालेल्या एका राजवाड्याच्या पायऱ्या उतरत जायची. गेमचं नाव आम्हांला कधीच कळलं नाही. आम्ही तिला कंदीलवाली म्हणायचो. माझा धाकटा भाऊ शिनू, म्हणजे श्रीनिवास, रिमोट धरायचा आणि मी शेजारी बसून "डावीकडं, डावीकडं" म्हणायचे. मेच्या उन्हात पत्रा तापलेला, शेजारच्या मागांची खडखड भिंतीतून अंगात शिरलेली, आणि पडद्यावर ते निळं गार पाणी. त्या निळ्या रंगानेच घरात गारवा येतो असं आम्हांला वाटायचं. अम्मा म्हणायची, "ह्या दोघांना जेवायला नको, पाणी बघूनच पोट भरतंय."

मोठेपणी शिनू रेल्वेत लागला, कुर्डुवाडीला गेला, तिथेच त्याने सविताशी लग्न केलं. सविता माढ्याकडच्या शेतकरी घरातली. आमच्याकडे येऊन 'अक्का' म्हणायला शिकली, पण बाकीची बोली तिने तशीच ठेवली आणि मला ती आवडते. अम्मा माझ्याकडे असते, म्हणून शिनू शनिवारी सोलापूरला यायचा. ती वर्षं तशी सुरळीत होती. मग एका दिवाळीनंतर तो लॅपटॉप घेऊन आला. चहाचा कप हातातच ठेवून त्याने तो उघडला आणि म्हणाला, "अक्का, ओळख."

निळं पाणी. पायऱ्या. कंदील.

माझ्या अंगावर काटा आला, आणि लगेच दुसरा विचार आला: हे ह्याच्याकडे आलं कुठून?

शिनूने सांगितलं ते असं. त्या गेमची आठवण असलेली माणसं जगभर होती. कुणी कुठल्या देशात, कुणी कुठल्या. मूळ कंपनीने तो गेम कधीच सोडून दिला होता. तेव्हा ह्या माणसांनी ठरवलं की आपणच तो नव्याने करायचा. तोच राजवाडा, पण मोठा, तीच मुलगी, पण नव्या पायऱ्या, नवे दरवाजे. कुणी संगीत करत होतं, कुणी गणितं मांडत होतं. सगळ्यांचा म्होरक्या तोमा नावाचा एकजण होता. तोमा हे त्याचं खरं नाव नसावं. कुणीच कुणाला पाहिलेलं नव्हतं.

"आणि ह्याचे पैसे?" मी विचारलं.

"फुकट. विकायचा नाही. लोकांनी खेळायचा."

"फुकट कोण करतं रे?"

"आम्ही करतो की."

"कंपनीला विचारलंय?"

"विचारलं तर ते नाही म्हणणार. म्हणून विचारलं नाही."

मला हे अजिबात पटलं नाही. जी माणसं दिसत नाहीत, ज्यांना पैसे नको आहेत आणि ज्यांनी मालकाला विचारलेलं नाही, त्यांना नक्की काय हवं असतं? आमच्या धंद्यात फुकट फक्त कापसाची लव मिळते, तीही छातीत बसते. हे मी शिनूला बोलूनही दाखवलं. तो हसला आणि म्हणाला, "भिंती उघड्या आहेत बघ. राजवाड्याच्या. तोमाला जमत नाहीत. तू काढशील?"

मी नाही म्हणणार होते. पण त्या भिंती खरंच उघड्या होत्या. सपाट, राखाडी, एकाही घरात जीव नसलेल्या. त्या मुलीने कंदील उचलायचा आणि उजेडात काहीच दिसू नये, हे माझ्याने बघवलं नाही.

तो हुरड्याचा हंगाम मी भिंती काढण्यात घालवला. कामावरून आले, अम्माला भाकरी दिली, की घरच्या जुन्या संगणकावर बसायचं. वीस-बावीस वर्षं मी सांगितलेलं काढत होते. मोर हवा, मोर. देवळाची किनार हवी, किनार. गिऱ्हाईकाला जे खपतं ते. पहिल्यांदाच कुणीतरी म्हणालं होतं, तुला वाटेल ते काढ. काही दिवस हातच चालेना. मग एका संध्याकाळी मी एक पोपट काढला. पाठमोरा, मान वळवून मागे बघणारा. त्याच्याभोवती बाभळीच्या काट्यांची जाळी. तो पोपट कुणी सांगितलेला नव्हता, कुठल्या जुन्या चादरीवर पाहिलेला नव्हता. मग तसे पोपट भिंतभर बसवले, आणि कंदील जवळ आला की त्यांचे डोळे चमकायचे. शिनूने तो तुकडा मला चालवून दाखवला तेव्हा अम्मा भिंगाचा चष्मा लावून शेजारी येऊन बसली आणि बराच वेळ उठली नाही. मीही खूश होते. आता ते आठवलं की वाटतं, तेवढे दिवस मी बेसावध होते.

संक्रांत जवळ आली होती. गड्ड्याच्या जत्रेचे पाळणे उभे राहायला लागले होते, कारखान्यात लोकांना सुट्टीचे वेध लागले होते. अशा एका सकाळी मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. अंबादासकाका म्हणतो आम्ही त्यांना. माझ्या वडिलांबरोबर त्यांनी उमेदवारी केलेली. टेबलावर एक टॉवेल पसरलेला होता. आमच्या कारखान्यातला नव्हता. मऊ, फिक्या निळ्या रंगाचा. त्याच्या दोन्ही टोकांना माझा पोपट मान वळवून माझ्याकडे बघत होता.

"ओळखलंस?" काका म्हणाले.

मी टॉवेलचं टोक उलटून मागची वीण बघितली.

"व्यापाऱ्याने नमुना म्हणून दाखवला. दुसऱ्या कारखान्याचा माल आहे. पण हात तुझा आहे, पद्मा. तुझ्या बापाचा हात मी ओळखायचो, तुझाही ओळखतो. माझ्याकडे बसून दुसऱ्याला नक्षी देतेस?"

"काका, मी कुणाला दिली नाही."

"मग ही चालत गेली?"

"मी ती शिनूच्या एका गेमसाठी काढली होती. घरी."

"कसल्या गेमसाठी?"

मी सांगायला लागले. बुडालेला राजवाडा, कंदीलवाली, जगभरची माणसं, फुकट. सांगता सांगता माझ्याच कानाला ते खोटं वाटायला लागलं. काका ऐकत होते, पण त्यांचे डोळे टॉवेलवरच होते. शेवटी त्यांनी टॉवेलची घडी घातली आणि म्हणाले, "काही दिवस तू खाली घडी-तपासणीला बस. संगणक बंद राहू दे."

खाली बसून मी दुसऱ्यांनी विणलेल्या मालातले तुटके धागे शोधत होते. बायका विचारायच्या, "वरून खाली का गं?" मी म्हणायचे, डोळ्यांना त्रास होतोय. त्यांना ते पटत नव्हतं हे मला दिसायचं. हात तपासणीवर होते, डोकं मात्र एकाच गोष्टीभोवती फिरत होतं. पोपट माझ्या संगणकात होता आणि शिनूच्या लॅपटॉपमध्ये होता. मी दिला नाही, आणि दूरदेशीच्या तोमाला सोलापूरचा कारखाना कुठून माहीत असणार. म्हणजे कोणी दिला?

आणि मग एकेक गोष्ट त्या प्रश्नाला येऊन चिकटायला लागली. शिनूने नवी मोटरसायकल घेतली होती. गेल्या शनिवारी तो आलाच नव्हता. फोन आला की उठून अंगणात जात होता. आधी ह्यातलं काहीच मला खटकलं नव्हतं. संशयाचं असंच आहे, तो पुरावे शोधत नाही, पुरावेच रांग लावून त्याच्याकडे येतात.

सविताच्या माहेरी दरवर्षी हुरडा पार्टी असते. त्या रविवारी आम्ही सगळे तिकडे गेलो. रानात आगटी पेटवलेली, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसलेली, सविता गरम कणीस हातावर चोळून हिरवे दाणे पाखडत होती. शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. दाणा तोंडात टाकला की दुधासारखा फुटतो आणि मागून धूर लागतो. मला तो धूरच लागत होता. शिनू ज्वारीच्या कडेने चालत निघाला तशी मी त्याच्या मागे गेले.

"गाडी कुठून आणलीस?" मी विचारलं.

"म्हणजे? शोरूममधून."

"त्यासाठी काय दिलंस? माझा पोपट?"

टॉवेलचं त्याला अजून काहीच माहीत नव्हतं, किंवा माहीत नाही असं त्याचा चेहरा म्हणत होता. मी सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. हातातलं कणीस त्याने खाली टाकलं नाही, नुसतं फिरवत राहिला.

"तुला वाटतं मी विकला?"

"मला काय वाटतं ते विचारू नकोस. तू विकलास का ते सांग."

तो आगटीकडे परत गेला. थोड्या वेळाने सविता माझ्याजवळ आली. पदराने हात पुसत म्हणाली, "अक्का, गाडी माज्या भिशीच्या पैशातनं घेतलीया. त्यास्नी तुमी इचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. तुमी इचारलं न्हाय, तुमी आळ घेतला."

"मी विचारलंच की, सविता."

"व्हय, पर कसं इचारलं." एवढं बोलून तिने माझ्या हातावर मूठभर दाणे ठेवले आणि गेली.

पोपट टॉवेलवर कसा आला, असं शिनूने त्याच दिवशी तोमाला लिहून विचारलं. पुढच्या शनिवारी त्याने मला तोमाचं उत्तर वाचून दाखवलं, इंग्रजीतून मराठी करत, कोरड्या आवाजात. तोमाचं म्हणणं असं की संशय उलट शिनूवर आणि माझ्यावरच आहे. तुझी बहीण कापडाच्या कारखान्यात काम करते हे तू आधी सांगितलं नाहीस. तिने कारखान्याच्या मालकीची नक्षी आम्हांला दिली असेल, तर आता दोन कंपन्या आमच्या मागे लागतील. आम्ही एकीपासूनच लपून काम करतोय. म्हणून तुझ्या बहिणीच्या सगळ्या भिंती काढून टाकल्या आहेत, आणि तुझंही नाव काढलं आहे.

"तुझंही?" मी म्हणाले.

"माझंही." त्याने लॅपटॉप मिटला. "मी चार वर्षं करत होतो, अक्का."

काकांना मी चोर वाटत होते, मला शिनू, तोमाला आम्ही दोघंही. ह्यात खरा चोर कुठेतरी निवांत जेवत असेल असं मला वाटायचं, आणि त्याचा राग सगळ्यांपेक्षा जास्त यायचा.

शेवटी मीच उठले. तो टॉवेल दाखवणाऱ्या व्यापाऱ्याकडे गेले. त्याने काही लपवलं नाही. कारखान्याचं नाव सांगितलं, तिथे नक्षी काढणाऱ्या युनूसभाईंचं नाव सांगितलं. आमच्याच एमआयडीसीत, दोन रस्ते पलीकडे. मी तिथे गेले तेव्हा युनूसभाई डबा खात होते. माझ्या वयाचेच, डोळ्यांवर तोच माझ्यासारखा जाड चष्मा. मी पोपटाचं विचारलं, आवाज चढवून. त्यांनी डब्याचं झाकण लावलं, हात धुतले, मला खुर्ची दिली.

"वो तोता आप निकाले क्या?" त्यांच्या आवाजात भीती नव्हती, नवल होतं. "बहोत अच्छा है, बहन. मैं तो समझा कोई पुराना खेल का है."

"तुमच्याकडे कसा आला?"

नव्या नक्षीसाठी ते रोज ज्यावर चित्रं धुंडाळायचे तो मोबाईल त्यांनी काढला आणि मला दाखवलं. तोमाच्या मंडळींचं उघडं पान होतं. लवकरच येत आहे, असं वर लिहिलेलं, आणि खाली माझी भिंत, डोळे चमकणारे पोपट, सगळ्या जगाला दिसतील असे. तोमाने स्वतःच ते लावलं होतं, संक्रांतीच्या कितीतरी आधी, आणि गेममधून भिंती काढल्या तरी पानावर ते तसंच राहिलं होतं. कौतुकाने लावलं असेल. लोकांनी खाली टाळ्या वाजवल्या होत्या. कोणी काढलं, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"नाम नै था," युनूसभाई म्हणाले. "पुराना खेल, सब लोगां ले को नया बना रै. मैं सोचा, मैं बी लेतूँ. मैं क्या बी चोरी नै किया." मग माझ्याकडे नीट बघत, "आप लोगां बी तो किसी का खेल लिये ना?"

प्रेमाने घेतलेली वस्तू आणि चोरलेली वस्तू ह्यांत फरक असतो असं मी मानते, पण तो फरक वस्तूवर कुठे लिहिलेला नसतो. शिनूने गेम प्रेमाने घेतला. तोमाने माझा पोपट कौतुकाने दाखवला. युनूसभाईंनी तो आवडला म्हणून विणला. मी मात्र तेवढ्या दिवसांत माझ्या सख्ख्या भावाला चोर करून टाकलं होतं, कुणीच काही चोरलेलं नसताना. किंवा सगळ्यांनीच चोरलेलं असताना. दोन्ही बाजूंनी हिशेब लागतो, आणि म्हणूनच तो मला मान्य होत नाही.

युनूसभाई माझ्याबरोबर काकांकडे आले. कारखान्याच्या दारात दुसऱ्या कारखान्याचा माणूस बघून लोकांनी माना वळवल्या. ते काकांशी अदबीने बोलले, मोबाईल दाखवला. काकांनी चष्मा वर-खाली करून बघितलं आणि म्हणाले, "बरं. ठीक आहे." मला वर परत बसवलं. पण माझं टेबल हलवलं होतं. आता माझ्या संगणकाचा पडदा केबिनच्या काचेकडे तोंड करून आहे. काका तसे कधी बघत नाहीत. मला मात्र ते बघत असतील असं दिवसभर वाटत राहतं.

शिनूला मी फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग झालं तर." मी म्हणाले, "चुकलं माझं." तो म्हणाला, "असू दे, अक्का." पुढच्या शनिवारी तो आला, जेवला, अम्माचे पाय दाबले, गेला. सगळं पहिल्यासारखं होतं. फक्त त्यानंतर दर शनिवारी अंगणात गाडी लावताना तो एकदा माझ्याकडे बघून गाडीकडे बघायचा, आणि मी दुसरीकडे बघायचे.

गेम पुढच्या पावसाळ्यात निघाला, असं शिनूकडूनच कळलं. भिंती राखाडीच होत्या. थोड्या दिवसांत मूळ कंपनीच्या वकिलांनी तो बंदही पाडला. तरी तो कुठेकुठे मिळतो म्हणे. एकाकडून दुसऱ्याकडे, नाव नसलेला. मी तो शोधला नाही.

यंदा हुरडा लवकर आला. परवा शनिवारी शिनू आला तेव्हा त्याच्या खांद्याला लॅपटॉपची पिशवी होती. कितीतरी दिवसांनी. अम्मा झोपली होती, सविता स्वयंपाकघरात चटणी कुटत होती. तो माझ्या खोलीत आला आणि दार लोटून म्हणाला, "एक नवीन करतोय. आपलाच. कुणाचा घेतलेला नाही. अजून कुणाला दाखवला नाही."

मी खुर्ची ओढली. तो लॅपटॉप उघडायला गेला आणि थांबला. हसत म्हणाला, "अक्का, तेवढा मोबाईल बाहेर ठेव."

तो हसत होता म्हणून मीही हसले. उठून मोबाईल ओट्यावर ठेवून आले. सविताने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा चटणी कुटायला लागली.

पडद्यावर रेल्वेचं एक यार्ड होतं. रूळ, सिग्नलचा खांब, मालगाडीच्या डब्यांच्या सावलीत बसलेलं एक कुत्रं आणि पलीकडे ज्वारीचं रान. बराच वेळ मी बघत राहिले. छान आहे असं म्हणायचं मनात होतं, पण तोंडातून दुसरंच निघालं.

"चित्रं कुठून आणलीस?"

त्याने रागावून काही म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं. त्याने लॅपटॉप फक्त माझ्याकडे आणखी वळवला. "जवळून बघ की. तुला घरं दिसतात ना."

मी चष्मा सारखा केला आणि वाकून बघितलं. खांब कलला होता. रूळ मध्येच जाड, मध्येच बारीक. कुत्र्याचे पाय एकमेकांशी जुळत नव्हते, आणि ज्वारीची कणसं हातातल्या पेन्सिलीने नव्हे, काठीने काढल्यासारखी होती. इतकं वेडंवाकडं कुणी चोरून आणत नाही. तेवढ्यापुरती माझी खात्री पटली.